बापाशी फक्त इंग्रजी

सक्करदऱ्याला एका औषधाच्या दुकानाशेजारून अरुंद जिना वर जातो. त्या जिन्यानं वर गेलेला माणूस आपण अडाणी आहोत हे कबूल करूनच खाली उतरतो, कारण वर ओमप्रकाश हेडाऊ सरांचा इंग्रजीचा क्लास आहे. सरांच्या मते अख्ख्या नागपुरात इंग्रजी येणारा माणूस एकच, आणि तो त्यांना रोज दाढी करताना आरशात भेटतो. बाकी वकील, प्राध्यापक, मिहानच्या आयटी कंपन्यांत गळ्यात पट्टा अडकवून फिरणारे साहेब, हे सगळे सरांच्या लेखी अर्धवट.

सरांचा सगळा तोरा बारक्या शब्दांवर. मोठे शब्द डिक्शनरी उघडून कोणीही फेकतो, असं ते म्हणत. इंग्रज माणूस गो, कम, गेट, पुट असल्या चार क्रियापदांवर जन्म काढतो आणि खरी कामं करतात ती अप, डाऊन, बॅक, ओव्हर, ऑफ ही टिकलीएवढी पोरं. त्यातही ती जोडीनं आली की भल्याभल्यांची फजिती. 'गो बॅक टू द ऑफिस' म्हटलं की 'बॅक' हे जाण्याला चिकटलेलं, माणूस परत निघाला हे सांगणारं. आणि 'टू'नं पुढच्या ऑफिसचा हात धरलेला. आधी दिशा, मग ठिकाण. जागा बदलली की वाक्य कोसळलं, आणि एकाला गाळलं की बोलणारा नागपूरचा. हे शेवटचं सर स्वतः नागपूरचे असूनही म्हणत आणि फी भरून बसलेली पोरं त्यावर हसत. एखाद्यानं विचारलंच की सर, बर्डीची टेकडी सोडली तर आपलं गाव ताटासारखं सपाट, मग दुकानात जायला 'डाऊन टू द शॉप' काहून म्हणायचं, तर सर त्याच्याकडे असं बघत की तो पुन्हा तोंड उघडत नसे.

आता खरं ते सांगायला हवं. सरांना हे सगळं खरोखर येत होतं, त्यात खोट नव्हती. पण चार शब्द नीट लावता येतात म्हणून माणसानं एवढं फुगावं का? आयुष्यात एका इंग्रजाशी त्यांचं बोलणं झालेलं नव्हतं. इटारसीच्या पुढे ते गेलेले नव्हते. तरी लंडनच्या दुकानदारानं गिऱ्हाइकाला काय म्हणावं हे ते सक्करदऱ्यात बसून ठरवत. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

क्लासमधला शहाणपणा त्यांनी जिन्यावरच ठेवला असता तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण त्यांना मुलगी झाली, अश्लेषा, आणि ती बोलायला लागताच सरांनी घरात नियम केला. आईशी काय वाटेल ते बोल, बापाशी फक्त इंग्रजी. आई इंदुताई उमरेडकडची, तिला इंग्रजीचा गंध नाही. पोरगी बापाशी चुकून मराठीत बोलली तर सर पेपरात तोंड घालत, जणू भिंतच काहीतरी बोलली. 'डॅडी' हा शब्द त्यांना नाटकी वाटे आणि 'बाबा' तर इंग्रजी नव्हे. मग क्लासमधल्या पोरांचं ऐकून ती बापाला सर म्हणू लागली. सरांना त्यात काही खटकलं नाही.

ती पहिलीत असताना तिला कुत्रं चावलं. रडत घरात शिरली आणि म्हणाली, बाबा, कुत्रं चावलं. सरांनी बोट वर केलं. पोटरीतून रक्त गळतंय, आणि ती एवढीशी पोर दाराजवळ उभी राहून हुंदके आवरत वाक्य जुळवते आहे. शेवटी तिनं जुळवलं. "अ डॉग केम अप टू मी, सर, अँड हेल्ड ऑन टू माय लेग."

इंदुताईनं तिला उचललं आणि दवाखान्यात पळाली. सर कुठे गेले? सर क्लासवर गेले, आणि ही गोष्ट त्यांनी त्याच दिवशी फळ्यासमोर उभं राहून सांगितली. बघा, घाबरलेल्या पोरीच्या तोंडातूनसुद्धा 'अप टू' आणि 'ऑन टू' जोडीनं आले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून प्रत्येक नव्या बॅचला ते हे सांगत आले. इंदुताईला हे कळलं त्या दिवशी तिनं नवऱ्याकडे जे एकदा पाहिलं, त्यानंतर त्याच्याबद्दल वेगळं काही वाटून घ्यायचे कष्ट तिनं कधी घेतले नाहीत.

अश्लेषा मोठी झाली, मिहानमधल्या एका कंपनीत परदेशी गिऱ्हाइकांशी फोनवर बोलू लागली. रोज येताजाता बापाला इंग्रजीत सांगायची, कामावरून परत आले, मैत्रिणीकडे, भावनाकडे चालले, तिथून आठपर्यंत येईन. सगळं बिनचूक, प्रत्येक बारका शब्द जागच्या जागी. सर खुश. पोरगी कुठून निघाली आणि कुठे पोचली, हे त्यांना नेहमी ठाऊक असे. मध्ये तिचं काय होत होतं, ते विचारायची त्यांना कधी गरज वाटली नाही.

म्हणून लग्नाची गोष्टही त्यांना इंदुताईकडूनच कळली, भाकरी वाढता वाढता. पोरीनं मुलगा पसंत केला होता. रजत, नंदनवनात इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान. सरांनी पहिला प्रश्न विचारला तो इंग्रजीचा. इंदुताई म्हणाली, पोट्टी लग्न तर करणारच हाये, फक्त तुम्ही तोंडभरून हो म्हणावं एवढी तिची इच्छा हाये. म्हणजे ठरायचं होतं ते एवढंच, की लेक या घरातून हसत जाईल की तोंड फिरवून. कोणत्याही शहाण्या बापाला एवढं पुरलं असतं. सर म्हणाले, त्याला रविवारी बोलाव, मी बघतो.

रविवारी रजत आला, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि मागोमाग ऑटोनं आई सिंधूताई. पोरगाही काही राजपुत्र नव्हता. तंबाखूचा खर्रा खाऊन दात रंगलेले, आणि हसताना ते झाकायची धडपड. इंदुताईनं पोहे दिले. पहिला घास त्याच्या तोंडात गेला न गेला तोच सरांनी इंग्रजीत विचारलं, नंदनवनातून इकडे कसा आलास? 'ओव्हर हिअर फ्रॉम नंदनवन' असं सगळं व्यवस्थित लावून विचारलं.

रजतनं घास गिळला. "ॲक्टिव्हा," तो म्हणाला.

सर थांबून राहिले. बाकीचं वाक्य येईल, अशी त्यांची अपेक्षा.

"ॲक्टिव्हा, सर," रजत म्हणाला.

मग सरांनी पुस्तकी मराठीत त्या पोराची सालटी काढली. माणूस निघतो, येतो, पोचतो, या प्रत्येकाला शब्द आहेत आणि ते तू सगळे गाळलेस. तुझ्या वाक्यात फक्त गाडी आली, तू आलाच नाहीस. या विनोदावर ते स्वतःच हसले. रजत मान खाली घालून प्लेटमधले शेंगदाणे बाजूला करत राहिला.

सिंधूताईला यातलं काही उमगलं नाही. तिनं अश्लेषाला विचारलं, हे काय म्हणून राहिले? आणि अश्लेषा ते व्याकरण सोडून गाडीचीच गोष्ट सांगू लागली. तेव्हा सरांनी आपली पोरगी पहिल्यांदा ऐकली. मघाशी जगनाडे चौकात ती ॲक्टिव्हा कशी बंद पडली, यानं किका मारून मारून नव्या शर्टाचा कसा पोतेरा केला, सिग्नलवरच्या पोलिसानं शेवटी गाडीला कसा धक्का दिला, हे सगळं रजतनं फोनवर सांगितलेलं ती वऱ्हाडीत असं रंगवत होती की सिंधूताईला ठसका लागला. इंदुताई दाराशी उभी राहून हसत होती. सांगता सांगता अश्लेषा मध्येच स्वतःच हसत सुटायची, मग हातानं 'थांबा' म्हणायची आणि पुढे जायची. घरात इतकी वर्षं अशी पोरगी राहत होती आणि सरांना तिचा पत्ता नव्हता. त्यांच्याकडे फक्त तिचे रिपोर्ट येत होते.

सिंधूताईनं डोळे पुसले. मग मुद्द्यावर आली. "तुह्या बाबाच्या मनात काय हाये ते तूच विचार ना वं. लेकीले सांगतेच बाप."

अश्लेषाच्या बोलण्यात राग नव्हता. घरातलं दूध संपलंय हे सांगावं तसं तिनं सांगितलं. "आमचं बोलणं नाही होत, मावशी. आमची इंग्लिश होते."

सिंधूताईनं सरांकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली, परक्या घरात पाहू नये ते दिसल्यावर माणूस वळवतो तशी. कीव केली असती तरी सरांना चाललं असतं. त्यांच्याच मुठीतल्या छडीचं टोक त्यांना आता पहिल्यांदा टोचलं होतं आणि पोरीला काहीतरी म्हणावं, तिच्या बोलीत म्हणावं, असं त्यांना फार वाटलं. तू सुखात राहशील ना, एवढं विचारलं असतं तरी भागलं असतं.

पण त्यासाठी ती बोली वापरातली हवी ना? सरांनी आपली वऱ्हाडी जन्मभर ऑटोवाल्यांशी आणि भाजीवाल्यांशी भांडायला ठेवलेली. तोंड उघडलं आणि त्यातून तीच बाहेर पडली. "काहून वं, कोणाले विचारून ठरवलं तू हे?"

आवाजही तोच होता, जास्त पैसे मागणाऱ्या ऑटोवाल्यावर चढणारा. तसं म्हणायचं नव्हतं, हे सांगायला सरांकडे दुसरे शब्द नव्हते. इंदुताईनं रिकाम्या प्लेटा गोळा केल्या आणि आत निघून गेली. रजत उठून उभा राहिला.

अश्लेषा बापाकडे वळली. चेहरा एकदम नीट झाला, क्लासमध्ये पहिल्या बाकावर बसायची तेव्हासारखा.

"वी विल ड्रॉप इन ऑन यू, सर," ती म्हणाली. "ऑन संडेज."

ड्रॉप इन ऑन. वाटेत ओळखीच्या कोणाचं घर लागलं म्हणून सहज डोकावून जाणं. असं लोक शेजाऱ्यांकडे जातात, जुन्या मास्तरांकडे जातात. बापाच्या घरी लेक येते तेव्हा कोणी असं म्हणत नाही, हे सर क्लासमध्ये कितीदा सांगत आले होते.

ती तिघं घराबाहेर पडली. सर खुर्चीत बसून ते वाक्य पुन्हा पुन्हा मनात म्हणत राहिले, 'इन' तपासला, 'ऑन' तपासला. कुठे चूक सापडली असती तर ती सुधारायला म्हणून तरी पोरीला परत हाक मारता आली असती. चूक नव्हती.