हजेरीत नसलेल्या कुसुममावशी

कुसुममावशी डोळे मिटून माल तपासायच्या. निघोज्यातल्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये गाड्यांच्या रबरी रिंगा बनायच्या. मी ट्रेनी म्हणून लागले तेव्हा भिंग घेऊन बसले होते. मावशींनी ते काढून घेतलं. "बघतीस काय? डोळं मीट अन् अंगठा फिरव. खराब आसंल तर ती सवताच सांगती." आठवड्याभराने पहिली खराब रिंग माझ्या हाताला लागली, तर म्हणाल्या, "घावली? बरं. आता लई फुगू नको."

वर्षभराने मी नोकरी सोडून कामगार संघटनेत गेले, पत्रकं लिहू लागले. मावशी म्हणाल्या, "वरडायला झ्याक हायेस. ऐकून घ्यायला कच्ची." मी हसले होते.

आमच्या रिंगा घेणाऱ्या मोठ्या कंपनीत माल नापास झाला की त्यातला चांगला-खराब निवडायला वर्कशॉपचंच माणूस तिकडे जाऊन बसतं. आमच्याकडून कायम मावशीच जायच्या, नदीपलीकडे, कधी कधी दोन-दोन आठवडे. पगार आमच्याच शेठचा, पण त्या दिवसांत त्यांचा अंगठा आमच्या हजेरीच्या मशीनवर उमटत नसे. कोणाला त्याचं काही वाटतही नसे.

नदीवरचा पूल पडला तेव्हा त्या पलीकडेच होत्या. ट्रकसकट पूल नदीत गेला. माणसं गेली. त्यावर मी तीन पत्रकं लिहिली आहेत, इथे पुन्हा लिहवत नाही. माल येईना, जाईना. दूरच्या रस्त्याने गाडी परवडेना. शेठ लोकांनी माणसं कमी करायला सुरुवात केली.

आम्ही मोर्चा काढला. मागणी सरळ होती: पूल होईपर्यंत जे छोटे कारखानदार कामगारांना काढणार नाहीत, त्यांना पगारासाठी सरकारने अनुदान द्यावं. शेठ लोक मेव्हण्या-पाहुण्यांची नावं घुसवतील, ही आम्हाला भीती. म्हणून निवेदनात एक वाक्य मी घातलं: 'पूल पडला त्या दिवशी कारखान्याच्या हजेरीत असलेल्या कामगारांनाच लाभ मिळावा.' मला ते फार आवडलं होतं. वर्कशॉपच्या दारात सगळ्यांना वाचून दाखवलं.

मावशी तेवढ्या बोलल्या. "मी तर त्या दिशी पल्याड हुते."

"अहो मावशी, तुम्ही इथल्याच ना? तुमचं नाव येणारच."

"येतंय म्हंतीस? मग हाय बरं."

आणि त्यांनी निवेदनावर सही केली.

अनुदान मंजूर झालं. आम्ही गुलाल उधळला. यादी लागली, तिच्यात मावशी नव्हत्या. मोठ्या कंपनीत बसवलेल्या आणखी दोघीही नव्हत्या. मी शेठकडे गेले. ते म्हणाले, "ताई, यादीतल्यांचा पगार सरकारच्या जिवावर चाललाय. हिला मी कशावर ठेवू? बंद मशीनवर?" मी सरकारी ऑफिसात गेले, टेबलावर हात आपटला, 'हा अन्याय कोणत्या डोक्यातून निघाला' म्हणून विचारलं. साहेबांनी शांतपणे फाइल उघडून माझ्याकडे फिरवली. "मॅडम, हे वाक्य तुमच्याच निवेदनातलं आहे. आम्ही कानामात्राही बदललेला नाही."

मावशींना सांगायला गेले, तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. ऐकून म्हणाल्या, "आसं व्हय," आणि निवडत राहिल्या. मला शिव्या हव्या होत्या. मिळाल्या नाहीत.

नियम दुरुस्त करून घ्यायला चार महिने लागले. नवा कागद घेऊन मी वाकडला गेले. मावशी तिथल्या एका टॉवरमध्ये साफसफाईच्या कामाला लागल्या होत्या, थेरगावला बहिणीच्या खोलीत राहत होत्या. अंगात निळा कोट. त्यांनी कागद सावकाश वाचला.

"चांगलं झालं. त्या दोघींना घ्येतील न्हवं?"

"तुम्हालाही घेतील. कधी येताय?"

"आता न्हाई येत, पोरी." कागदाची घडी घालून त्यांनी तो माझ्या हातात दिला. "एकदा घर हलवलं. परत परत न्हाई हलवत."

"मावशी, चूक माझी होती."

"मग? तू काय मुद्दाम केलंस व्हय?" त्या बादली उचलायला वाकल्या. "पर लिहायच्या आदी इचारत जा. अन् इचारल्यावर वाईच थांब. मानूस लगीच बोलत न्हाई."

सुपरवायझरने वरून हाक मारली. त्या गेल्या.

त्या दोघी कामावर परत आल्या. पूल अजून व्हायचाच आहे, त्या बंद मशीनसमोर बसून असतात, पण पगार होतो. संघटनेने पत्रक काढलं: 'वगळलेल्या कामगारांना न्याय!' मथळा मीच दिला. छापायला जायच्या आधी कोणीतरी म्हणालं, कुसुममावशींचं नाव टाकू या, लढा त्यांच्यामुळेच उभा राहिला. मी म्हटलं, त्यांना विचारून सांगते.

पत्रक नावाशिवायच छापून झालं, वाटूनही झालं. मी अजून विचारलेलं नाही.