पंख मोडायच्या आधीचा आवाज

दाजी घरी आले की वडील स्वतः उठून त्यांच्यासाठी खुर्ची सरकवायचे. जावयाचा मान असतो, हे मलाही कळतं. पण ती खुर्ची माझ्या दुकानातली, माझ्या कॉम्प्युटरसमोरची होती, आणि दाजी तिच्यावर टेकले की मला लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यावर बसावं लागायचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी रोज नाही, पण महिन्यातून दोनदा तरी बघायचो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कोपरगावात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी पत्रिका, लेटरहेड, पावतीपुस्तकं असली कामं करायचो. कॉम्प्युटर पुण्याहून जुळवून आणलेला. ज्या पोराने जुळवून दिला त्याने सोबत एक सीडी टाकली होती, लढाऊ विमानाच्या खेळाची. नुसतं ठो-ठो नव्हतं त्यात. जुन्या महायुद्धातलं पंख्याचं विमान खरोखर चालवायचं होतं, आणि ते खऱ्यासारखंच मोडायचं. त्याच्यासाठी मी टेबलावर ठेवून विमान वळवायची दांडी, म्हणजे जॉयस्टिकही मागवून घेतली.

खेळातली एक मोहीम मला काही केल्या जमत नव्हती. उंचावरून खाली सूर मारायचा, बॉम्ब टाकायचा आणि जमिनीला टेकायच्या आत विमानाचं नाक वर घ्यायचं. उतरताना वेग इतका वाढतो की दांडी जोरात मागे ओढली तर विमानावर त्याच्याच वजनाच्या कितीतरी पट भार येतो. सोबतच्या पुस्तिकेत त्याला 'जी' म्हटलं होतं. भार पंखांना सोसला नाही की पंख मोडतो आणि मग उरलेलं विमान भिंगरीसारखं गरगरत शेतात जातं. माझं रोज जायचं.

पुस्तिका मला तोंडपाठ होती. सुराआधीच इंजिनाचा जोर कमी करा. बॉम्ब टाकल्याशिवाय वर ओढू नका, कारण भरलेलं विमान लवकर मोडतं. वळता वळता ओढू नका, आधी दोन्ही पंख सरळ करा. ओढाल ते हळूहळू ओढा. हे सगळं मी करायचो, आणि जमीन जवळ आली की घाबरून दांडी छातीशी घ्यायचो. किती ओढलं म्हणजे जास्त, हे सांगणारा काटाच पडद्यावर नव्हता. शेवटी एक ओळ होती: सांगाडा कुरकुरू लागला की दांडी सैल सोडा. ती ओळ मी वाचली होती आणि सोडून दिली होती. माझे स्पीकर धूळ बसू नये म्हणून खोक्यासकट कपाटात होते. पत्रिका छापायला आवाज कशाला लागतो?

माझी ही विमानं पडताना वडील उंबऱ्यातल्या बाजेवरून बघत असायचे. त्यांनी तीस वर्षं ट्रक चालवला होता. माणूस कसा आहे ते त्यांना त्याच्या स्टेअरिंगवरच्या हातावरून कळायचं, असं त्यांचं म्हणणं. "हात बरा हाय" हे त्यांचं सगळ्यात मोठं सर्टिफिकेट. ते त्यांनी सगळ्या हयातीत तीनचार जणांना दिलं असेल, आणि मला ते हवं होतं. अठराव्या वर्षी त्यांनी माझ्या हातात ट्रक दिला, मागे कांदा भरलेला. नेवाशाच्या अलीकडे मी एका खड्ड्यात गाडी घातली आणि चाकावरचा, स्प्रिंगचा पाटा तुटला. वडील ओरडले नाहीत. खाली उतरले, तुटलेला पाटा बघितला आणि एवढंच म्हणाले, "गाडी मोडायच्या आदी बोलती रं. तुला ऐकूच आलं न्हाई." त्यानंतर स्टेअरिंग मला परत मिळालं नाही.

म्हणून ते विमान. पोरखेळ म्हणा हवं तर. पण वडिलांसमोर एकदा तरी काहीतरी न मोडता जमिनीवर आणायचं, एवढं माझं मागणं होतं.

आणि मग दाजी आले.

दाजी साखर कारखान्यात मिलवर फिटर. ऊस चिरडणारे ते मोठे रोलर फिरत असताना ते एक लांब लोखंडी गज घ्यायचे, एक टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचे आणि दुसरं कानाच्या हाडाला. डोळे मिटून ऐकायचे आणि सांगायचे, हे दोन दिवस चालंल, ते आजच काढा. साहेब लोक मीटर बघायचे आणि शेवटी दाजींनाच विचारायचे. ताईनेच हे मला शंभरदा सांगितलेलं, प्रत्येक वेळी नव्या कौतुकाने.

त्या दिवशी त्यांनी माझी दोन विमानं पडताना शांतपणे बघितली. मग म्हणाले, "मेव्हणं, ह्याचा आवाज कुटं हाय?"

"कपाटात," मी म्हणालो.

"मंग कसं कळनार? मुकी मशीन कोन चालवतं?"

वडील बाजेवर उठून बसले. मला स्पीकर काढून लावावे लागले. दाजींनी पहिलं विमान पाडलं, तेव्हा मला किती बरं वाटलं सांगू! पण ते विमान पाडत नव्हते, ऐकत होते. दुसऱ्या वेळी त्यांनी सूर मारला, बॉम्ब टाकला, दांडी मागे घेऊ लागले. स्पीकरमधून जुन्या दाराच्या बिजागरीसारखा आवाज आला. दाजींनी दांडी जराशी सोडली. आवाज थांबला. परत ओढली, परत कुरकुर, परत सोडली. विमान झाडांच्या शेंड्यांवरून अल्लद वर आलं. मी तीन महिने जे करत होतो ते त्यांनी चहा निवायच्या आत केलं.

"पाटा बोलला की पाय काढायचा," वडील म्हणाले.

"व्हय मामा. त्येच हाय हे."

दोघं एकमेकांकडे बघून हसले. मी कॉम्प्युटरचा मालक, पुस्तिका पाठ असलेला, आणि त्या हसण्यात मला जागा नव्हती. वर वडील म्हणाले, "हात बरा हाय जावईबापूंचा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठून उगाचच प्रिंटर पुसायला लागलो.

पुढे हे नेहमीचं झालं. दाजी आले की वडील मला म्हणायचे, "लाव रं त्ये इमान." आवाज लावून मीही उडवून बघितलं. कुरकुर मलाही ऐकू यायची, पण माझा हात पोचेपर्यंत पंख गेलेला असायचा. दाजी शिकवायचे, तेही गोडीने, आणि त्यांच्या गोडीनेच मला जास्त आग लागायची. माणूस जरा उद्धट असता तर मला त्याच्यावर जळणं सोपं गेलं असतं.

दिवाळीच्या आधी ताई माहेरी आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. स्वयंपाकघरात तिने मला हळूच सांगितलं, "ह्यांना कमी ऐकू यायला लागलंय रं, उजव्या कानानं. कारखान्यात अजून कुनाला सांगितलं न्हाई. सारखं घड्याळ कानाला लावून बघत्यात. म्हनत्यात, कान गेला तर मी मिलवर थांबनार न्हाई, माज्या चुकीनं एखाद्याचा हात जाईल. तुज्याकडं त्या इमानाचा बारका आवाज येतो ना, त्यो आला की म्हनत्यात, अजून हाय."

मला वाईट वाटलं, हे खरं आहे. पण त्याच्या खाली, अगदी त्याच्या मागोमाग, दुसरं काहीतरी वाटलं, आणि तेही खरं आहे. मला बरं वाटलं. पंचवीस वर्षांनी लिहितानाही हे वाक्य खोडावंसं वाटतं, पण ते तिथे होतं.

भाऊबीजेला दाजी ताईला न्यायला आले. जेवणं झाली, ओवाळणी झाली. वडील म्हणाले, "लाव रं इमान. आज दोघं उडवा, बघू कोन सरस हाय ते." बॉम्बगोळा नको, नुसता सूर मारायचा आणि नाक वर काढायचं, एवढंच ठरलं. आई, ताई, शेजारचे दोघे, सगळे माझ्या दुकानात दाटीवाटीने उभे राहिले.

पहिला मी. आठवडाभर मी दुसरं काही केलंच नव्हतं, आणि त्या दिवशी माझा हात बसला. कुरकुर आली, मी दांडी सोडली, विमान वर आलं. पंख शाबूत. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. वडील जावयाकडे बघत राहिले. आता खरा माणूस उडवणार, अशा नजरेने. ती नजर मला सोसली नाही.

खेळाच्या सेटिंगमध्ये इंजिनाचा आवाज कमीजास्त करायची पट्टी वेगळी होती आणि वाऱ्याच्या, सांगाड्याच्या आवाजाची वेगळी. दाजी खुर्चीवर बसेपर्यंत "थांबा, नवीन विमान लावतो" म्हणून मी माउस हातात घेतला आणि दुसरा आवाज शून्यावर नेऊन ठेवला. दोन सेकंदांचं काम. इंजिन गुरगुरतच होतं, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं.

दाजींनी सूर मारला. दांडी मागे घेऊ लागले, डोळे अर्धे मिटून, मान जरा उजवीकडे कलती. कुरकुर यायची वाट बघत राहिले. ती आली नाही. म्हणून आणखी ओढली, विश्वासाने. डावा पंख निखळला आणि विमान शेतात गेलं.

कुणीतरी हसलं. वडील म्हणाले, "जावईबापू, बोललं न्हाई का?"

"न्हाई मामा," दाजी म्हणाले. "मला न्हाई आलं ऐकू."

त्यांनी उजव्या कानाजवळ चुटकी वाजवली. मग परत एकदा. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमाला आला का, मेव्हणं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "हो. बारीकसा आला."

पहिलं कृत्य दोन सेकंदांचं होतं, त्याला एक वेळ जळफळाट म्हणता येईल. या दुसऱ्याला मला आजवर शब्द सापडलेला नाही. दाजी उठले, खुर्ची नीट टेबलाखाली सरकवली आणि ताईला म्हणाले, "चला, उशीर व्हतोय." ताईने पदर तोंडाला लावला होता. ते गेल्यावर वडील माझ्याजवळ आले, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तुजा हात बरा हाय रं. मीच वळखला न्हाई."

सहा वर्षं मी या वाक्याची वाट बघितली होती. ते असं यावं!

दुसरा दिवस मी दुकान उघडून नुसता बसून काढला. तिसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढली आणि कारखान्यावर गेलो. हंगाम दोन दिवसांवर आला होता, ऊस अजून पडला नव्हता, मिल रिकामी फिरवून बघत होते. बेअरिंगपाशी एक तरुण फिटर गज कानाला लावून उभा होता. दाजी दहा पावलं लांब, खाली बसून बोल्ट पुसत होते. कुणी न सांगता त्यांनी आपली जागा सोडली होती.

मला बघून ते उठले. मी त्यांना बाहेर, गाडीतळावरच्या कडुलिंबाच्या पारापाशी नेलं आणि एका दमात सांगून टाकलं. आवाज मी बंद केला होता. मलाही आला नव्हता. तुमचा कान नाही गेला, माझं डोकं गेलं होतं. दाजी, मला मारा.

दाजींनी एवढंच विचारलं, "म्हंजी आवाज नव्हताच?"

"नव्हताच."

"नक्की?"

"शपथ घेतो."

ते मटकन पारावर बसले आणि हसायला लागले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. मी मागितलेली माफी त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. खिशातून त्यांनी एक घडी घातलेला कागद काढला. मिलवरून गोडाऊनला बदली मिळावी म्हणून साहेबांना लिहिलेला अर्ज होता तो, सही करून तयार. तोच कागद चुरगाळून त्यांनी हाताचं ग्रीस पुसलं.

"कान कमी झालाय जरा, त्ये खरं हाय," ते म्हणाले. "सीझन संपला की दाखवीन डाक्टरला. पन अजून हाय ना, बास."

"मी आज घरी जाऊन वडिलांना सांगतो सगळं," मी म्हणालो.

दाजी एकदम गंभीर झाले. "न्हाई सांगायचं. तुमच्या ताईला मी सांगीन, ती रडती दोन दिस. मामांना न्हाई." मग उठता उठता म्हणाले, "तुमी उडवलेलं इमान तर खरं वर आलं हुतं ना? मंग त्यांनी म्हटलंय ते ऱ्हाऊ द्या. लई दिवस थांबलाय तुमी त्याच्यासाठी."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मला काय हवंय ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

ते मिलकडे गेले, त्या तरुण फिटरच्या हातातून गज घेतला, टोक बेअरिंगवर टेकवलं आणि डोळे मिटले. मी दारात उभा राहून बघत होतो. त्यांनी माझ्यावर एवढे उपकार केले होते, आणि तरीही, खोटं कशाला बोलू, मला त्यांचा हेवाच वाटत होता, आधीपेक्षा जास्त.

वडील हयात असेपर्यंत माझा हात बरा आहे असं चारचौघांत सांगायचे. दाजी समोर असले तर मान हलवून "व्हय मामा" म्हणायचे.