बांगड्यांचा ठराव

नवरा गेला त्याच्या दहाव्याला बायकांनी मला वैनगंगेच्या काठावर नेलं आणि हातातल्या बांगड्या फोडल्या. मी हात पुढे केला होता, एवढं आठवतं. रडले असेन, पण ते आठवत नाही. एक काच मनगटात रुतली. घरी आल्यावर सासूबाईंनी त्यावर हळद दाबली. त्या स्वतः भर तारुण्यात विधवा झालेल्या. 

आमचं गाव मोहाडी तालुक्यात. घरात खड्ड्यातला हातमाग आहे, त्यावर कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं कापड निघतं. नवरा मागावर बसायचा. मी आणि सासूबाई चरख्यावर कांड्या भरायचो, म्हणजे आडवा धागा लहान नळ्यांवर गुंडाळून धोट्यासाठी तयार ठेवायचो. बाईनं मागावर बसू नये असा काही नियम कुठे लिहिलेला नव्हता. आमच्या घरात बायका बसत नव्हत्या, एवढंच. न लिहिलेले नियमच जास्त टिकतात, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

नवऱ्यानंतर माग तसाच पडून राहिला. अर्धी विणलेली साडी त्यावर होती आणि ताण्याच्या उभ्या धाग्यांवर धूळ बसत होती. भंडाऱ्याचा व्यापारी फोन करायचा, मी उचलायची नाही. एका दुपारी मी खड्ड्यात पाय सोडून बसले. त्याला धाडस वगैरे म्हणू नये. घरात कुठेही बसलं तरी उठावंसं वाटायचं, तिथे वाटलं नाही. संसारभर जे पाहिलं होतं ते हातांना माहीत होतं. पहिली साडी वाईटच निघाली, व्यापाऱ्यानं नाक मुरडलं. पुढच्या बऱ्या निघाल्या.

सासूबाईंनी मला मागावर पाहिलं, चरखा ओढून जवळ घेतला आणि कांड्या भरायला लागल्या. झालं, आमची परवानगी तेवढ्यातच मिळाली.

रिकामे हात कामाचे ठरले, हे सांगितलं तर विचित्र वाटेल. चरख्यावर बांगड्यांचं काही अडत नाही. पण मागावर तुटलेला धागा जोडायला हात ताण्यात घालावा लागतो, आणि कोशाचा धागा बारीक असतो. काचेची कड लागली की तो अडकतो, एक ओढला की शेजारचे चार ढिले पडतात. काही बायका बांगड्या कोपराकडे सारून विणतात. मला नाही जमत. गाव माझ्या मनगटाकडे बघून चुकचुकायचं आणि मी त्याच मनगटानं विणत होते. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात. माझ्या हातात काकण नव्हतं, ते मात्र गावाला आरशाशिवाय दिसत होतं.

दोन-तीन वर्षांनी ग्रामसभेनं ठराव घेतला. गावात यापुढे विधवेच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, तिला हळदीकुंकवाला बोलवायचं. चांगला ठराव. मी हात वर केला होता, खोटं कशाला बोलू. पण ठरावानंतर कार्यक्रम ठरला. पंचायतीच्या आवारात मांडव, खुर्च्या आणि फोटोवाला. आम्हा विधवांना ओळीत बसवलं. सरपंचबाई एकेकीच्या हातात हिरव्या बांगड्या चढवत पुढे सरकत होत्या. माझ्याजवळ आल्या, मी हात पुढे केला. टाळ्या वाजल्या. मला काही वाटलं नाही. आधी या गावानं काढल्या, आता या गावानं घातल्या. हात माझाच होता, पण तो मला वर्गणी काढून बसवलेल्या गणपतीसारखा वाटला, सगळ्यांच्या मालकीचा.

शेजारी सासूबाई होत्या. त्यांच्या हातात बांगड्या चढल्या आणि त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. मला वाटलं, लाजल्या. पदर जरा हलला तेव्हा दिसलं की त्या आतल्या आत एका हाताच्या बांगड्या दुसऱ्या हातानं फिरवून पाहत होत्या. घरी आल्यावर त्यांनी घासलेली भांडी परत घासली. बांगड्यांचा आवाज ऐकायला. एवढ्या वर्षांत मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं, त्या संध्याकाळी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मागावर बसले आणि पहिल्या तासातच धागा अडकला. मी बांगड्या काढून कोनाड्यात ठेवल्या.

"काढल्या काय वो?" सासूबाईंनी विचारलं.

"धागा अटकते जी."

त्या चरख्याकडे वळल्या. गाव मात्र गप्प बसलं नाही. ठराव झाला तेव्हा ज्या बायकांच्या पोटात दुखलं होतं, त्यांना औषध सापडलं. नळावर शेजारीण मला ऐकू जाईल अशी म्हणाली, "सून तं उघड्या हातानं फिरते, अन् बुढी मिरवून राह्यली. या वयात हौस पाहा." नुसतं मला बोलली असती तर चाललं असतं. मला काही लागत नाही, कधीचं.

मग सरपंचबाई घरी आल्या. "तुमी असं करान तं बाकीच्या बाया काय म्हणतीन? ठराव सगळ्यायसाठी हाय."

"ठराव फोडू नोका असा हाय, का घालाच असा हाय?"

"तसं नाही वो," त्या म्हणाल्या. "पण पेपरात गावाचं नाव आलं ना."

बाई वाईट नव्हती. तिच्या म्हणण्यात तथ्यही होतं. मी काढल्या की जुन्या लोकांना बोट दाखवायला जागा मिळत होती, आणि ते बोट सासूबाईंवर पडत होतं. पण माझे हात घेऊन मी जाणार कुठे? चहा करून दिला, बाई गेल्या.

दोन दिवसांनी सासूबाई चरख्यावर बसल्या तेव्हा त्यांचे हात रिकामे होते. मी विचारलं, "तुमी कायले काढल्या?"

"गरम होते," त्या म्हणाल्या.

मला राग आला. शेजारणीवर, सरपंचबाईंवर, सासूबाईंवर, स्वतःवर, नेमका कोणावर ते कळेना. नवरा गेल्यापासून इतका राग आला नव्हता. कोनाड्यातल्या बांगड्या घेतल्या, घातल्या आणि नळावर जाऊन पाणी भरून आले. शेजारणीसमोर कळशी दोनदा खाली ठेवली, दोनदा उचलली.

पुढे मी बांगड्या घालूनच विणायला बसले. त्यांच्यावरून जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळायची, म्हणजे धागा अडकत नाही. चिंधी सैल व्हायची, परत बांधायची. हात जड चालायचे. कापड कमी निघायला लागलं आणि जे निघालं त्यात गाठी होत्या. वाईट वाटत होतं का? नाही. काहीच वाटत नव्हतं. मला पटलं होतं की हे असंच असतं. एकीला मिरवता यावं म्हणून दुसरीनं बांधून घ्यायचं. सासूबाईंनी मात्र परत घातल्या नाहीत. चरखा फिरवताना त्या माझ्या चिंधीकडे बघायच्या.

एका सकाळी त्या वाटीत खोबरेल घेऊन आल्या आणि खड्ड्याच्या काठावर बसल्या. त्यांच्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या होत्या.

"बोलू दे लोकायले," त्या म्हणाल्या. "मले आवडतेत, मी घालीन. पण तुह्या कामाले आडव्या येतेत."

त्यांनी माझा हात मांडीवर घेतला, चिंधी सोडली, मनगटाला तेल लावलं. मग थांबल्या.

"काढू का?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि रडूच आलं. हुंदका थांबेना, मला लाज वाटली. त्यांनी घाई केली नाही, समजूतही घातली नाही. माझ्या तोंडून हो निघेपर्यंत त्यांनी बांगडीला हात लावला नाही.