एखलासचं उपोषण सोडवायचं कुणी?

सिंगापूरच्या पासिर रिस भागातल्या आमच्या कॉन्डोत लिफ्टसमोरची फरशी पुसणारा एखलास उद्दीन हा पुढारी आहे, हे मला तीन वर्षं माहीत नव्हतं. यात माझी काही चूक नाही. पुढारी म्हटला की त्याच्यामागे चार माणसं तरी असावीत. याच्यामागे चाकं लावलेली पिवळी बादली आणि 'फरशी ओली आहे' ही पाटी, एवढंच असायचं. एका मंगळवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे पोह्यांचा डबा घेऊन खाली गेले, तर त्याने हात जोडले.

"दिदी, आज नहीं. हम अनशन में है."

"उपास म्हण. पण कसला? रमजान तर केव्हाच झाला."

"उपास नहीं. अनशन. आमरण. आज दूसरा दिन." एवढं सांगून तो पुन्हा फरशी पुसायला लागला.

मी मूळची साताऱ्याची. उपोषण म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. कलेक्टर कचेरीसमोर मांडव, सतरंजी, मागण्यांचा फ्लेक्स, रक्तदाब तपासायला येणारा सरकारी डॉक्टर. मग वाटाघाटी, लेखी आश्वासन आणि मान्यवरांच्या हस्ते मोसंबीचा रस. इथे यातलं काहीच नव्हतं. माणूस रोजची ड्युटी करून उपोषण करत होता, वर ओव्हरटाइमही. त्याच्या डॉर्मिटरीतल्या सोबत्यांना वाटलं, हा जादाचे रोजे धरतोय. ते बिचारे संध्याकाळी त्याच्यासाठी खजूर ठेवायचे, आणि हा तेही खायचा नाही.

"अरे, इथे असलं चालत नाही," मी म्हटलं. "तुझं वर्क परमिट जाईल."

त्याचा विचार त्याने आधीच केला होता. "घोषणा नहीं, बोर्ड नहीं, आदमी जमा नहीं किया. सिर्फ खाता नहीं. नहीं खाने का भी परमिट लगता है, दिदी?"

मी बँकेत कम्प्लायन्समध्ये आहे. सगळ्यांनी नियम पाळले की नाही, हे बघायचा पगार घेते. नियमातून कुणी असं निसटलं की मला राग येतो आणि मनातून कौतुकही वाटतं.

मग दोन दिवस लिफ्टसमोर उभ्याउभ्या मी त्याची कहाणी तुकड्यातुकड्यांनी काढून घेतली. गाव बांगलादेशात, किशोरगंज जिल्ह्यात, अर्धं वर्ष पाण्यात. कॉलेजात हा विद्यार्थी नेता होता. निवेदनं द्यायचा, मानवी साखळ्या करायचा, सात-सात कलमी मागण्या लिहायचा. बोलायला लागला की प्राचार्य खिडकी लावून घेत. दहा वर्षांपूर्वी वसतिगृहाच्या पाण्यासाठी त्याने आमरण उपोषण केलं. तिसऱ्या दिवशी मांडवामागे तो केळं खाताना कुणीतरी फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो फोटो सगळ्या तालुक्यात पोचला. पाणी आलं नाही ते नाहीच, पण याचं नाव 'केळं नेता' पडलं. लग्नात, बाजारात, मशिदीच्या पायरीवर पोरं त्याला केळ्याची सालं दाखवायची. त्या वर्षाअखेर तो सिंगापूरला आला. लोक पोटासाठी परदेशी जातात. हा एका केळ्यापायी आला.

पुढे तिकडे मोठी उलथापालथ झाली, विद्यार्थ्यांनी रस्ते भरून टाकले, सरकार गेलं. एखलासचे कॉलेजातले जुने सोबती एका नव्या पक्षाचे स्थानिक पुढारी झाले. त्यांना याची भाषणं आठवत होती. त्यांनी कळवलं, गावच्या पंचायतीच्या अध्यक्षपदाचं तिकीट तुलाच, पण त्या केळ्याचं आधी काहीतरी कर. विरोधकांनी फोटो छापून ठेवलेत.

"तो इस बार सच्चा अनशन," एखलास म्हणाला. मागणीही चोख होती. गावच्या ओढ्यावर बांबूचा साकव आहे. आपल्या कोकणात असतो तसलाच. तिथे पक्का पूल हवा. गावातल्या चहाच्या टपरीवर बिस्किटांच्या बरणीला टेकवलेल्या फोनवर व्हिडिओ कॉल लावून त्याने जाहीर केलं होतं की पुलाचं लेखी आश्वासन मिळेपर्यंत अन्नाला शिवणार नाही. रोज दुपारच्या सुट्टीत त्याने कॉल लावायचा आणि तीस-चाळीस जणांनी त्याचे गाल किती बसले ते बघायचं. पळसाला पानं तीनच, दुसरं काय!

गुरुवारी मात्र गडी सातव्या मजल्यावर भिंतीला टेकून बसलेला दिसला. ओठ पांढरे पडले होते. मी घाबरले. खरंच घाबरले.

"तिकडचं सरकार देणार आहे का आश्वासन?"

"उनको मालूम ही नहीं, दिदी. चिट्ठी का जवाब नहीं आया."

"मग सोड की!"

"अपने आप?" त्याने विचारलं. बरोबरच होतं त्याचं. ज्याने एकदा चोरून केळं खाल्लंय, त्याने दुसऱ्यांदा आपणहून खाल्लं तर जन्मभर तोंड दाखवता यायचं नाही. आश्वासन नाही तर सुटका नाही, आणि आश्वासन देणाऱ्याला तर पत्ताच नाही. हा माणूस इथे माझ्यासमोर मरणार होता आणि मरेपर्यंत फरशी पुसणार होता.

"तू नेमकं काय जाहीर केलंस?" मी विचारलं. "शब्द न् शब्द सांग."

त्याने सांगितलं. मी पुन्हा वदवून घेतलं. लेखी आश्वासन मिळेपर्यंत, असं तो म्हणाला होता. कुणाकडून, हे म्हणालाच नव्हता.

योगायोग असा की त्याच संध्याकाळी आमच्या कॉन्डोच्या कौन्सिलची, म्हणजे सोसायटीच्या कमिटीची, मीटिंग होती. मी तिची मानद सचिव, म्हणजे फुकटची. अध्यक्ष निशिकांत पटवर्धन, आमच्या मराठी मंडळाचाही अध्यक्ष. हा गृहस्थ समई आणि नारळ दिसला की आपोआप पुढे होतो. दीड तास चर्चा चालली ती लिफ्टमधून फणसासारखा उग्र वासाचा दुरियन न्यावा की नाही आणि पोहण्याच्या तलावाकाठच्या खुर्च्या टॉवेल टाकून अडवणाऱ्यांचं काय करावं यावर. शेवटचा विषय आयत्या वेळचे विषय. सगळ्यांची पोटं कोकलत होती.

"एक निवेदन आलंय," मी सांगितलं. "पुलाची मागणी आहे."

"विच ब्लॉक?" मिस्टर ओंग यांनी विचारलं. ते चौदाव्या मजल्यावर राहतात आणि प्रत्येक खर्चाला विरोध करतात.

"ब्लॉकच्या बाहेर."

"आऊटसाइड? देन नॉट अवर मनी. नो नीड व्होट, लाह. जस्ट नोटेड."

नोटेड! माझी अर्धी नोकरी या एका शब्दावर चालते. मी लगेच लेटरहेडवर मजकूर टाइप केला. पुलाच्या मागणीची कौन्सिलने नोंद घेतली असून योग्य त्या वेळी तिचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात येईल. खाली शिक्का. निशिकांतने न वाचता सही ठोकली, कारण तो काहीच वाचत नाही. हे त्या पदावरच्या माणसाला शोभतंही.

शुक्रवारी दुपारी, उपोषणाच्या पाचव्या दिवशी, एखलासने ते पत्र बार्बेक्यूच्या छपराखाली उभं राहून फोनसमोर धरलं. टपरीवर माना फोनकडे झुकल्या. एका मास्तरांनी इंग्रजी मोठ्याने वाचून बंगालीत अर्थ सांगितला, आणि सिंगापूरने पुलाची नोंद घेतली म्हणताच आरडाओरडा सुरू झाला. आमच्या कॉन्डोत दोनशे सोळा फ्लॅट आहेत, सिंगापूर नव्हे. पण हे बोलायची ती वेळ नव्हती.

आता राहिला रस. मोसंबी इथे कुठली मिळायला! एमआरटी स्टेशनपाशी एक मशीन आहे, आपल्यासमोर चार संत्री पिळून कप हातात देतं. तो कप घेऊन मी धावत आले. मान्यवर म्हणून निशिकांतला मी सकाळीच सांगून ठेवलं होतं. तो आला, झब्बा घालून आला. केस सारखे केले, फोनमध्ये पाहिलं आणि तिथली चाळीस माणसं 'जिंदाबाद' ओरडताना दिसली तशी चार पावलं मागे सरला.

"सुलेखा, हे राजकारण आहे का?"

"पूल आहे."

"माझा सिटिझनशिपचा अर्ज आत आहे गं! मला वाटलं, सफाई कामगाराचा सत्कार आहे. ते पत्र कसलं होतं?"

"तू सही केलेलं."

तो तसाच झब्ब्यासकट लिफ्टमध्ये शिरला आणि दार मिटेपर्यंत बटण दाबत राहिला.

माझ्या हातात कप, समोर पाच दिवसांचा उपाशी माणूस, फोनमध्ये ताटकळलेली टपरी. "मी पाजते," म्हटलं. एखलास अवघडला. दिदी मोठी खरी, पण टपरीला कळणार कसं? मला असा संताप आला!

"गेल्या वेळी मान्यवर कोण होतं रे? ते केळं तरी कुणाच्या हस्ते खाल्लंस?"

मी रागात बोलून गेले. तो फोनवर हात ठेवून हळूच म्हणाला, "मा."

त्याची आई बातमी ऐकून अकरा मैल चालत आली होती. मांडवामागे तिने पदरातून केळं काढलं, सोललं आणि त्याच्या तोंडाशी धरलं. खा म्हणाली. त्याने खाल्लं. फोटो काढणाऱ्याने आई कापून टाकली आणि केळं ठेवलं.

"आणि तू दहा वर्षं कुणाला सांगितलं नाहीस?"

"बोलता तो लोग माँ पे हँसता." मग तो म्हणाला, "लेकिन दिदी, माँ उस दिन से पूछती नहीं. हर जुम्मा फोन करती है. सब पूछती है. खाया कि नहीं, वो नहीं पूछती."

काखेत कळसा आणि आम्ही मान्यवर शोधत लिफ्टपर्यंत गेलो होतो.

मी फोनवरचा त्याचा हात बाजूला केला आणि माझ्या मोडक्या हिंदीत ओरडले, "इसकी माँ को बुलाओ! अभी!" टपरीवर चुळबुळ झाली. बायका तिथे येत नसाव्यात. पण सिंगापूरचा हुकूम होता. दहा मिनिटांनी एक लहानखुरी म्हातारी बिस्किटांच्या बरणीसमोर येऊन बसली. पदर तोंडावर धरलेला. चाळीस माणसं तिच्या मागे उभी होती.

ती कितीतरी वेळ त्याच्या बसलेल्या गालांकडे बघत राहिली. मग पदर खाली घेऊन ती मागच्या माणसांकडे वळली आणि दोनच वाक्यं बोलली. मला बंगाली येत नाही. पण 'कला' म्हणजे केळं हे कळलं, आणि तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला तेही कळलं. मास्तरांनी मान खाली घातली. कुणी हसलं नाही.

मग ती पुन्हा फोनकडे वळली.

"खाइछस नि, बाजान?" जेवलास का रे, बाळा?

एखलासचा सगळा चेहरा हलला. "ना, मा," एवढंच त्याला बोलता आलं. मी कप पुढे केला, त्याने दोन्ही हातांनी धरला आणि सगळ्या गावासमोर प्यायला.

टपरीवर टाळ्या वाजल्या, मागे कुणीतरी घोषणा सुरू केल्या. निवडणूक अजून व्हायची आहे आणि पुलाचं काय ते कौन्सिल योग्य त्या वेळी बघेल. म्हातारीचं मात्र घोषणांकडे लक्ष नव्हतं. फोनच्या अगदी जवळ डोळा आणून ती कपात किती उरलंय ते बघत होती. मग तिने माझ्याकडे बोट केलं आणि खुणेनेच आणखी एक आणायला सांगितलं. मी गेले.