सगळ्या घराला येणारी फिट

फिट यायची धाकटीला. पण गिऱ्हाइकाने चौकशी केली, की दादा काउंटरवर दोन्ही हात टेकवून सांगायचा, "काल आम्हाला दोन आल्या. एक लहान, एक मध्यम." ऐकणारा नवखा असला तर त्याला वाटायचं ह्यालाच काहीतरी होतंय, आणि तो आपले कपडे उचलून दोन पावलं मागे सरकायचा.

लॉन्ड्री दादाची. पुढे काउंटर, मागे इस्त्रीची टेबलं, वरच्या मजल्यावर घर. घरात आई, दादा, वहिनी आणि ही धाकटी. धाकटी म्हणायचं ते सवयीने. तिशी तिने केव्हाच ओलांडली होती. शाळेत असल्यापासून तिला हे होतं. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं व्हायचं, रबर जळल्याचा वास यायचा, आणि मग ती नुसती बघत बसायची. ओठ चघळल्यासारखे हलायचे, हात कपड्याचं टोक चिवडत राहायचा. थोड्या वेळाने परत माणसात आली की विचारायची, "काय म्हणत होतात?" मास्तर म्हणायचे, पोरीचं लक्ष नाही. शेजारीण म्हणायची, पोरगी नाटकी आहे. लक्षही होतं आणि नाटकही नव्हतं, पण तिला कोण विचारतो!

कधीमधी फिट वाढायची आणि सगळं अंग झटके द्यायचं. अशाच एका वेळी दादाने कुणाचं तरी ऐकून तिच्या दातांत चमचा कोंबला. पुढचा दात पडला. तेव्हापासून दादा अभिमानाने सांगायचा, "मी होतो म्हणून निभावलं." दाताबद्दल तो कधी बोलला नाही.

धाकटी इस्त्रीला पक्की होती. कडक कॉलर करावी तर तिनेच. पण एकदा इस्त्री हातात असतानाच तंद्री लागली. गिऱ्हाइकाचा कोट जळला आणि तिचा तळहातही. तेव्हापासून तिच्याकडे कपड्यांना नंबराच्या चिंध्या टाचायचं काम आलं. ती आंघोळीला गेली की आई दाराबाहेर स्टूल टाकून बसायची आणि दर थोड्या वेळाने हाक मारायची, "आहेस ना गं?"

"नाही, गेले वाहून!" आतून उत्तर यायचं.

"चिडलीय," आई दादाला सांगायची. "येणार वाटतं."

घरात बाकी सगळ्यांना राग यायचा. धाकटीला फक्त लक्षण यायचं. ती तावातावाने काही बोलू लागली, की कुणीतरी पाणी आणायचं, कुणी तिला बसवायचं, आणि तिचं म्हणणं तिथेच राहायचं.

औषधं बदलून झाली, वाढवून झाली. शेवटी मेंदूच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ह्या फिट्स बहुतेक एकाच जागेतून निघतायत. तसं असेल तर ऑपरेशन करता येईल. पण आधी मला त्या पकडायला हव्यात." म्हणजे हॉस्पिटलात राहायचं, डोक्याला तारा चिकटवायच्या, औषध कमी करायचं आणि भिंतीवरचा कॅमेरा चालू ठेवून फिटची वाट बघायची.

जन्मभर फिट येऊ नये म्हणून देवाला साकडं घालणारी आई आता खुर्चीत बसून पुटपुटू लागली, "येऊ दे रे बाबा एकदाची." आणि फिट काही येईना. दिवस उलटले. धाकटीला परीक्षेत नापास होत असल्यासारखं वाटू लागलं.

दादा तर पार वैतागला. "घरी पाहुणे आले की हमखास येते! इथे एवढी सोय केलीय, तर बाईसाहेबांना जमत नाही!"

"मी काय बोलावते का तिला?" धाकटी म्हणाली.

"बघ, चिडली!" दादा आशेने आईकडे वळला.

नाहीच आली. दुसऱ्या दिवशी दुपारी दादा नर्सला फिट म्हणजे काय ते समजावून सांगत होता. नर्सची सगळी नोकरी ह्याच वॉर्डात गेली होती, पण ती बिचारी ऐकत होती. तेवढ्यात धाकटीचे ओठ हलू लागले. नर्स पुढे झाली, पण दादा तिच्याही पुढे. पलंग आणि कॅमेरा ह्यांच्या मधोमध हात पसरून तो उभा राहिला आणि ओरडू लागला, "घाबरू नका! कुणीही घाबरू नका, मी आहे!" घाबरलेलं दुसरं कुणीच नव्हतं. नर्स त्याला बाजूला ओढेपर्यंत फिट येऊन गेलीसुद्धा.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. "तारांवरची नोंद छान आलीय. पण हात कसा हलतो, चेहरा कुठे वळतो, ते मला बघायचं होतं. चित्रात पेशंटच नाही. निळ्या चौकड्यांचा शर्ट आहे."

वहिनी कोपऱ्यातून म्हणाली, "इस्त्री तरी नीट दिसतेय ना?"

दादाला घरी पाठवण्यात आलं. वहिनी राहिली. ती फार बोलणारी नव्हती. कॅमेऱ्याच्या वाटेतून खुर्ची बाजूला घेऊन बसली. धाकटीला मोकळं मोकळं वाटलं, आणि तिने लागोपाठ दोन फिट्स देऊन टाकल्या. नर्सने सांगितलं होतं तसं वहिनीने फिट आल्याची खूण करायचं बटण दाबलं, बाजूला उभी राहिली, आणि धाकटी शुद्धीवर आल्यावर एवढंच म्हणाली, "झालं. छान झालं."

फिट्स एकाच जागेतून येत होत्या. डॉक्टरीणबाईंनी धोके सांगितले: शब्द आठवायला त्रास होईल, बऱ्याच जणांच्या फिट्स थांबतात पण सगळ्यांच्या नाही. मग घरी बैठक बसली. आईचं मत 'नको', दादाचं मत 'करू, पण पुढच्या वर्षी', दूरच्या मामाने तर फोनवरून कवटीवर व्याख्यान दिलं.

"डोकं माझं आहे," धाकटी म्हणाली.

"असं कसं?" दादा म्हणाला. "घरातलं डोकं आहे ते!"

"घरात तेवढं एकच असेल तर जपायला हवं खरं," वहिनी म्हणाली. बैठक मोडली, आणि धाकटीने होकार कळवला.

ऑपरेशनच्या दिवशी तिला आत नेलं आणि दादाचं तोंड एकदम मिटलं. बाकावर गुडघ्यांत हात घालून तो बसला होता. वहिनीने चहा पुढे केला, तो त्याने घेतला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, "मला भीती वाटतेय." आयुष्यात पहिल्यांदाच तो एकट्यापुरतं बोलला होता. वहिनीने टोमणा मारला नाही. तिने ते वाक्य जपून ठेवलं आणि पुढे धाकटीला सांगितलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. घरी आल्यावर मात्र शब्द दगा देऊ लागले. वस्तू समोर दिसायची, नाव जिभेवर येता येता परत फिरायचं. "ते आण ना, ते... दात असतात ते..." असं ती म्हणाली की आई म्हणायची "करवत?", दादा म्हणायचा "चिमटा?", दोघंही लिलावात बोली लावल्यासारखी. धाकटी मोकळ्या केसांनी कंगव्याची वाट बघत बसून राहायची. डोळे भरून यायचे तिचे. शब्द हळूहळू परतले. काही अजूनही उशिरा येतात.

फिट्स मात्र थांबल्या. कुणी आनंद केला नाही, कारण कुणाचा विश्वासच बसेना. आईचं स्टूल बाथरूमबाहेर तसंच होतं. दादाचे तर हाल झाले. काउंटरवर सांगायला काही उरलं नव्हतं. पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कसं वाटतंय?" आणि दादाच म्हणाला, "आम्हाला उत्तम. फक्त थोडी चिडचिड होते."

"चिडचिड मला होते," धाकटी म्हणाली, "आणि ह्याच्यामुळे होते. ह्याला काही गोळी आहे का?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून निघालेली नाही." आणि पुढे, दादाकडे बघत, "हा राग आहे. साधा, निरोगी राग."

दादाला ते आयुष्यभर पुरेल एवढं लागलं.

वर्ष सरलं. गोळ्या चालूच होत्या, पण इस्त्री धरायला आता हरकत नाही असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. दादाने मात्र हरकत घेतली. तेव्हा धाकटीने सरळ एका हॉटेलात कपड्यांच्या विभागात नोकरी धरली. आजाराचं तिथे तिने आपणहून सांगितलं. मॅनेजर म्हणाला, "इस्त्री करून दाखवा." तिने एक कॉलर करून दाखवली. घरी आठवडाभर सुतक असल्यासारखं वातावरण होतं. दादा तिच्याशी बोलायचा नाही, फक्त ती कामावरून येण्याच्या वेळेला रस्त्याकडे तोंड करून काउंटर पुसत बसायचा.

पुढच्या हिवाळ्यात तिला ताप आला, गोळ्या उलटून पडल्या, आणि रबराचा वास आला. फक्त वास, पुढे काही झालं नाही. ताप उतरल्यावर ती एकटीच दवाखान्यात गेली, खरं ते सांगितलं, गोळ्यांचं नवं प्रमाण समजून घेतलं, आणि त्या दिवशी जेवताना घरी सांगितलं.

मग काय! आई रडू लागली, दादा ताटावरून उठला, "एकटी गेलीसच कशी" आणि "आम्ही मेलो होतो का" असे दोघांचे आवाज एकात एक मिसळले. वहिनी शांतपणे वाढत होती.

धाकटीने हातातला घास खाली ठेवला. "सांगते सगळं. पण एकेकाने विचारा."

दादा खाली बसला आणि त्याने शाळेतल्यासारखा हात वर केला.