वानखेडेच्या गाडीचं काय काय बदललं

गॅरेजमध्ये इतके किस्से कसे जमतात याचं मला आता नवल वाटत नाही. इंजिन एकदा उघडलं की ते तासाभरात बंद होत नाही. मालक स्टुलावर बसतो, चहा येतो, आणि चहा पिणारा माणूस गप्प बसत नाही. बेंगळूरला चामराजपेटमध्ये अण्णांच्या गॅरेजात मी चार वर्षांपूर्वी मोटरसायकलची चेन टाइट करायला गेले होते. चेन दहा मिनिटांत टाइट झाली. मी अजून दर शनिवारी जाते.

अण्णा मूळचे निपाणीकडचे. गिऱ्हाइकांशी कन्नड, आमच्याशी मराठी, आणि न निघणाऱ्या नटाशी दोन्ही. गॅरेजच्या मागेच त्यांचं घर, तिथे अक्का, म्हणजे त्यांची बायको. मी पुण्याची. राहते बनशंकरीत, नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत, सॉफ्टवेअर टेस्टिंगची, म्हणजे लोकांच्या चुका काढायचा पगार घेते. आणि तिसरा वानखेडे. नागपूरचा, माझ्याच ऑफिसात, माझ्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर. खरं तर बहुतेक किस्से त्याचेच आहेत. पण सुरुवात माझ्यापासून करते, नाहीतर म्हणेल मला एकट्यालाच धुतलं.

*

नवी नवी होते तेव्हा एकदा मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "अण्णा, माझ्या गाडीला पिकअप नाही. इंजिनात काहीतरी अपग्रेड करू या. परफॉर्मन्स हवा."

अण्णांनी हात पुसले. "कुठनं कुठं जातीस?"

"बनशंकरीहून इलेक्ट्रॉनिक सिटी."

"कितीला निघतीस?"

"साडेआठ."

"मग इंजिनाला कशाला हात लावायचा? साडेसहाला निघत जा."

माझं अपग्रेड तिथेच संपलं.

*

वानखेडेचं प्रकरण वेगळं. त्याने नागपूरहून रेल्वे पार्सलने बाबांची गाडी आणली. जुनी, साडेतीनशे सीसीची, ओतीव लोखंडाच्या सिलिंडरची. बाबा वीज खात्यात लाइनमन होते. तारांची भेंडोळी, शिडी आणि तीन पोरं, सगळं त्या गाडीने वाहिलं. आता इंजिन पार थकलं होतं. ते पूर्ण खोलून नव्याने बांधायचं आणि बांधतानाच जोरदार पार्ट घालायचे, असा बेत.

त्या बेतामागचं कारण त्याने मला कॅन्टीनमध्ये सांगितलं. दिवाळीनंतर बाबा येणार होते. "पहिल्या पगारात त्यांना शर्ट घेतला, तर म्हणे कॉलर मोठी आहे. फ्लॅट दाखवला, तर म्हणे नळाला जोर नाही. मॅडम, एकदा त्या माणसाच्या तोंडून 'मस्त' ऐकायचं आहे मला. अन् गाडीबद्दल ते खोटं बोलणार नाहीत." हे सांगताना तो हसत नव्हता, म्हणून मीही हसले नाही.

मग त्याने एक्सेल शीट उघडली. मोठा हाय-कॉम्प्रेशन पिस्टन, नवा कॅम, मोठा कार्बोरेटर, मोकळा सायलेन्सर. सतरा ओळी.

अण्णांची पद्धत ठरलेली आहे. एक पार्ट बदलायचा, आठवडाभर गाडी चालवायची, मग दुसऱ्याला हात लावायचा. "सगळं एकदम घातलंस आणि गाडी रुसली, तर विचारायचं कुणाला?"

"अण्णा, टाइम नाही. सगळं एकाच रिलीजमध्ये टाकून देऊ."

आता गंमत बघा. हाच माणूस ऑफिसात कुणी एका वेळी दोन बदल केले तर मजला डोक्यावर घेतो. मी तसं बोलून दाखवलं. तो म्हणाला, "ते सॉफ्टवेअर आहे, हे लोखंड आहे."

"म्हणूनच सांगतोय," अण्णा म्हणाले. "तुमचं ते मागं घ्यायचं बटण लोखंडाला नसतंय. तरी तुझी गाडी, तुझे हात. बांध जा. अडलास की ये."

*

इंजिन आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये बांधलं गेलं, फोनवर व्हिडिओ लावून. पिस्टनवर ज्या रिंगा असतात त्यांच्यावर एक बारीक खूण असते. ती वरच्या बाजूला यायला हवी, नाहीतर ऑइल वर चढून जळतं. वानखेडेने पिस्टन टेबलावर उलटा ठेवला होता. त्याने खूण वरच केली. फक्त ते वर म्हणजे खाली होतं.

पहिल्यांदा गाडी सुरू झाली आणि पार्किंग दिसेनासं झालं. पांढरा, निळसर, दाट धूर. पहिल्या मजल्यापर्यंत खिडक्या धडाधड बंद झाल्या. वॉचमन पाण्याची बादली घेऊन धावला. आम्ही दोघं खोकत खोकत गाडी ढकलून गेटबाहेर काढली.

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या कन्नड अज्जींनी वानखेडेला गाठलं. तो हात जोडून माफी मागायच्या तयारीत उभा. अज्जी म्हणाल्या, "काल रात्री एकही डास नाही. पुढच्या वेळी स्वल्प मागच्या गटाराकडेही मारा."

*

रिंगा सरळ झाल्या, धूर गेला. मग किकचं सुरू झालं. नव्या पिस्टनमुळे इंजिनात दाब इतका वाढला होता की किक खाली जायच्या ऐवजी माणूस वर जायचा. हँडलजवळ दाब सोडायची एक छोटी लिव्हर असते. ती आधी दाबायची, मग किक मारायची. वानखेडेला हे माहीत होतं. त्याच्या पायाला माहीत नव्हतं. किक उलटी आली आणि घोटा टम्म सुजला.

मी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, फॉर्म भरत होत्या.

"अपघात टू-व्हीलरचा?"

"हो."

"हेल्मेट होतं?"

"नव्हतं."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "गाडी किती स्पीडला होती?"

वानखेडे म्हणाला, "उभी होती."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि तोंड फिरवून हसून घेतलं. बँडेज मात्र छान बांधलं.

*

मधेच अक्कांचा एक सांगते, नाहीतर राहून जाईल. एका शनिवारी त्यांनी आम्हा सगळ्यांना जेवायला बसवलं. आमटी झकास, वांगं झकास, भात मात्र कचकचीत कच्चा. आम्ही दोघं माना खाली घालून चावत राहिलो. अण्णांना राहवलं नाही. "अगं, भाताला काय झालंय?"

"कुकरची रिंग गेली आहे, सहा महिने सांगतेय," अक्का शांतपणे म्हणाल्या. "साऱ्या बेंगळूरच्या रिंगा बदलतोस. आता तूच खोलून बघ, कॉम्प्रेशन कुठनं लीक होतंय ते."

अण्णा हात धुऊन तसेच मार्केटात गेले. त्या शनिवारी गॅरेज दोनलाच बंद झालं.

*

घोटा बरा झाल्यावर वानखेडेने मला मागे बसवलं आणि आम्ही ऑफिसच्या रस्त्याला लागलो. इंजिन असं गरजत होतं की फूटपाथवरची माणसं वळून बघत होती. चढ लागला. वानखेडेने पूर्ण रेस दिली. आवाज दुप्पट झाला आणि गाडी हळू झाली. आणखी रेस, आणखी आवाज, आणखी हळू. शेवटी सायकलवर शहाळी लादून निघालेला एक म्हातारा आमच्या बाजूने पुढे गेला. जाताना थांबून त्याने विचारलं, पेट्रोल संपलं का?

गाडी ढकलत गॅरेजला आणली. अण्णांनी क्लच उघडला. इंजिनाचा जोर वाढवला होता, पण तो जोर चाकाकडे पोचवायच्या क्लचच्या प्लेटी आणि स्प्रिंगा जुन्याच होत्या. सतरा ओळींच्या शीटमध्ये क्लच नव्हता.

अण्णांनी एक प्लेट उजेडात धरली. मग म्हणाले, "पैलवानाला खुराक चांगला घातलास रे. लंगोट तेवढा जुनाच ठेवलास."

बाबा यायला सात आठवडे उरले होते. वानखेडेने शीट बंद केली आणि म्हणाला, "अण्णा, तुमच्या पद्धतीने करू. एकेक."

आणि मग सात शनिवार एकेक पार्ट लागला. आधी क्लच, मग कार्बोरेटर, मग कॅमचं टायमिंग, मग ब्रेक. दर आठवड्याला तो गाडी चालवायचा आणि येऊन सांगायचा काय बदललं. अण्णा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "सरी," म्हणजे ठीक, "पुढचं." शेवटी टाकी रंगवली, सीट शिवून घेतली. गाडी खरोखर देखणी झाली. आवाज खोल, चढावर दम, एका किकला सुरू. अण्णांनी स्वतः एक फेरी मारली आणि परत येऊन काहीच चूक काढली नाही. त्यांच्याकडून एवढं पुष्कळ झालं.

*

बाबा गॅरेजवर आले त्या शनिवारी वानखेडेची सकाळपासून तीनदा गाडी पुसून झाली होती. मी म्हटलं, आता रंग जाईल. त्याला ऐकू आलं नाही.

बाबा किडकिडीत, पांढऱ्या मिशीचे, शर्टाची बाही दुमडलेली. गाडीभोवती एक फेरी मारली. अक्कांनी दिलेला चहा उभ्यानेच संपवला. मग बसले, लिव्हर दाबली, आणि पहिल्या किकला इंजिन सुरू. शिकवायची गरजच नव्हती. गाडी गल्लीच्या टोकाला वळली आणि दिसेनाशी झाली.

दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. वानखेडे रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. अर्ध्या तासाने लांबून आवाज आला, आणि अण्णांनी हातातला पाना खाली ठेवला.

बाबा उतरले. गाडी स्टँडला लावली. इंजिनाकडे वाकून बघितलं, सरळ झाले.

"पिकअप मस्त आहे," म्हणाले.

वानखेडेने माझ्याकडे पाहिलं. मी ऐकलं की नाही याची त्याला खात्री हवी होती.

"चढावर एकदाही गिअर नाही पाडावा लागला. ब्रेक मस्त. आवाज तर विचारूच नको. लय मेहनत केली बे तू."

वानखेडेच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्याने लपवलंही नाही. मलाही भरून आलं, सांगायला लाज कसली. अण्णा उगाचच स्टूल पुसायला लागले.

बाबांनी चावी त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची मूठ आपल्या हाताने मिटवली. "जपून चालव," म्हणाले. मग रुमालाने हात पुसत आत डोकावले, जिथे भिंतीला लागून गाड्या ओळीने उभ्या होत्या.

"आता माझी गाडी काढ बाहेर. तिला पाहायलाच आलो ना मी."