टिपके गावात काहून?

रेतीच्या गाड्या कुठून निघतात हे पूर्णेकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तहसीलला तेवढं ठाऊक नाही. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं, आणि वर आम्हालाच विचारतात, पुरावा काय? या एका शब्दाने मी नोकरीभर जळत आले आहे. म्हणून अकोल्याच्या आमच्या सहकाऱ्याने फोनवर म्हटलं, "ताई, या वेळी नुसती बातमी नको, नकाशा करू," तेव्हा मी खुर्चीतून उठलेच.

हा गृहस्थ पूर्वी आमच्याच पेपरात पानं लावायचा. ते काम गेलं तेव्हा घरी बसून संगणकावर नकाशे करायला शिकला. त्याच्या नकाशावर टिपके असतात. टिपक्यावर बोट ठेवलं की फोटो उघडतो, दोन बोटांनी ताणलं की गाव, मग गल्ली, मग घराचं छप्परसुद्धा दिसतं. मी अमरावतीत बसून पाहिलं आणि म्हटलं, अरे बाप्पा, आता कसे पुरावा मागतात तेच पाहते.

फोटो द्यायला आपा होती. चांदूर बाजारकडच्या एका गावात, नाव सांगत नाही, माडीवरच्या खोलीत ती बायकांचे कपडे शिवते. नवरा वारला, लेकी सासरी. मशीन खिडकीशी, आणि खिडकीतून नदी दिसते. रेती उपसता उपसता रेतीवाल्यांनी कबरस्तानाखालचा काठ पोखरला आणि तिच्या अब्बांची कबर पाण्यात गेली. तिने मला फोन केला. "फोटो मी देतो, तू छाप," म्हणाली. "पन एक सांगून ठेवतो बाई. माह्यं नाव निघालं ना, तं मले या गावात कोनी राहू देनार नाई."

मी शब्द दिला. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की त्यातली जागेची खूण पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की ती फोटोच्या पोटात तशीच राहते. आमच्या कामात अशी खूण म्हणजे सोनं. पाठवायची ती रीत मी आपाला शिकवली आणि ती झटकन शिकली. काजं-बटणं करता करता फोन उचलायची, ट्रॅक्टर टिपायची, पाठवून द्यायची. तिकडे त्याने प्रत्येक फोटोतली खूण काढून नकाशावर टिपका ठेवला. तिचं नाव आम्ही कुठे म्हणजे कुठे लिहिलं नाही. नकाशा सकाळी नेटवर चढला आणि दुपारपर्यंत जिल्हाभर फिरला.

त्याच दुपारी मी चांदूर बाजारला तहसीलची बाजू विचारायला गेले. साहेब अर्थातच मीटिंगमध्ये. बाहेर टपरीवर एक रेतीवाला बसला होता, ओळखीचा. भेटला की नमस्कार करणार, आवाज कधी चढवणार नाही. मला ओरडणारी माणसं परवडतात, असली नाही. त्याने बाकावर सरकून जागा दिली, माझ्यासाठी चहा सांगितला.

"मॅडम, नकाशा लय साजरा जमला."

"तुमच्या गाड्या ओळखल्या का?" मी खवचटपणे विचारलं.

"वळखल्या ना. पन मले एक सांगा. गाड्या तं नदीत हायेत. मंग हे टिपके सारे गावात काहून?"

त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला आणि दोन बोटांनी हळूहळू ताणला. नदी बाजूला सरकली, गल्ली आली, एक टिनाचं छप्पर आलं. सगळे टिपके त्या एका छपरावर गोळा झाले होते.

माझा चहा सांडला. फोटोच्या पोटात खूण असते ती गाडीची नसते, गाडीकडे पाहणाऱ्याची असते. एवढी साधी गोष्ट! आम्ही दोघं गाड्यांच्या नंबरांवर इतके खूश होतो की टिपके कुठे पडले हे ताणून पाहिलंच नाही. आम्ही चोरांचा नकाशा केलाच नव्हता, आपाच्या घराचा केला होता. "येतो मॅडम," म्हणून रेतीवाला उठला.

"खाली घे! आत्ताच्या आत्ता खाली घे!" मी फोनवर अकोल्याला ओरडले. त्याने कारणही न विचारता नकाशा उतरवला. मग आपाला फोन लावला. तिने उचलला, पण मागे मशीनचा आवाज नव्हता.

"दोन मानसं आले हायेत," ती सावकाश बोलली. "बायकोचं ब्लाउज शिवाचं म्हनतात. मापाचं ब्लाउज काई आनलं नाई."

फोन बंद झाला. ठाण्याला कळवलं, ते म्हणाले पाहतो. मी गाडी काढली. त्या रस्त्यावर मी जेवढी भ्याले तेवढी आयुष्यात कधी भ्याले नाही.

आपा जिन्यात बसली होती. अंगाला ओरखडा नाही. "काई नाई केलं. खिडकीत उभे राह्यले. म्हने, इथून तं सारं दिसते हो. पानी मांगलं, पेले, गेले." मी तिचा हात धरला, तिने तो काढून घेतला. माझ्या घरी अमरावतीला चल म्हटलं. "काहून? घर तं माह्यं हे हाय," ती म्हणाली.

पुढे तिने फोन उचलणं सोडलं. तरी मी पुन्हा गेले. नदीत गाड्या भरदिवसा चालू होत्या. माडीवर चढले तर खोलीत अंधार. खिडकी विटांनी बुजवलेली, प्लास्टर अजून ओलं. मशीन भिंतीशी, वर एक बल्ब.

माझं डोकं फिरलं. "कोणी बुजवली ही? त्यांनी?"

"म्याच बुजवली." तिने सुईत दोरा ओवला, वर पाहिलं नाही. "विटा माह्याच. रेती तेवढी त्यायनं दारात आनून टाकली. मी मांगतली नोयती."